जुन्या गाडीचा 'टिंग-टिंग' बझर वाजेनासा झालाय? गॅरेज गाठण्याआधी हे तपासा

रात्री उशिरा घरी आलात, पार्किंगमध्ये गाडी लावली, चावी काढली, दार आपटलं आणि लिफ्ट गाठली. सकाळी चावी फिरवली तर नुसतं 'टक'. हेडलाइट रात्रभर चालूच राहिले होते.

खरंतर लाइट चालू असताना ड्रायव्हरचं दार उघडलं की बऱ्याच गाड्या टिंग-टिंग करून डोकं खातात. पण तुमची गाडी गप्प बसली. आणि मग शेजाऱ्याकडे जंपर केबल मागण्याची वेळ आली.

थोडा हिशोब केला तर हे किती लवकर होतं ते लक्षात येईल. साध्या हॅलोजन हेडलाइटचे दोन बल्ब प्रत्येकी ५५ वॅटचे असतात. त्यात पार्किंग लाइट, नंबर प्लेटचा दिवा आणि मीटरची लाइट धरली की बॅटरीतून साधारण १० अँपिअर करंट जातो. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची असते. म्हणजे बॅटरी नवीन असली तरी साडेतीन तासांचा खेळ. तीन वर्षं जुनी असेल तर त्याहून कमी.

आवाज न येण्यामागे मोठा बिघाड असेलच असं नाही. दाराजवळचा एखादा स्विच, एखादा फ्यूज किंवा आधीच्या मालकाचा 'उद्योग' एवढंही कारण पुरतं. फक्त शोध योग्य टोकाकडून सुरू करायला हवा.

तुमच्या गाडीत हा आवाज मुळात होता का?

सगळ्यात आधी हा प्रश्न. कारण आपल्याकडे जुन्या गाड्यांच्या बेस मॉडेलमध्ये खर्च वाचवण्यासाठी बझर दिलेलाच नसायचा. त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलमध्ये मात्र तो असायचा. मित्राच्या गाडीत वाजतो म्हणून तुमच्याही गाडीत वाजलाच पाहिजे, असं नाही.

भारतात हे सक्तीचं झालं ते १ जुलै २०१९ पासून. त्या दिवसापासून बनणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये ड्रायव्हर आणि शेजारच्या सीटसाठी सीटबेल्टचा इशारा, वेगाचा इशारा (ताशी ८० किलोमीटरच्या वर अधूनमधून, १२० च्या वर सतत) आणि मागचे पार्किंग सेन्सर द्यावे लागतात. त्याआधीच्या गाडीत काय होतं ते गाडीसोबत मिळालेल्या माहितीपुस्तकातच कळेल. पुस्तक हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर त्याची पीडीएफ मिळते.

आणखी एक गंमत. काही गाड्यांत सीटबेल्टचा आवाज काही सेकंद वाजून आपोआप थांबतो. तो बिघाड नाही. अमेरिकेत १९७४ च्या मॉडेलमध्ये बेल्ट लावल्याशिवाय गाडी सुरूच होणार नाही अशी व्यवस्था सक्तीची केली होती. लोक इतके वैतागले की त्याच वर्षी तिथल्या संसदेने कायदा बदलला आणि आठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ वाजणारा बझर सक्तीचा करता येणार नाही असं ठरवलं. त्यामुळे तिकडच्या जुन्या गाड्यांत चार ते आठ सेकंदच आवाज येतो. अमेरिकेत शिकायला गेलेल्या आणि जुनी गाडी घेतलेल्या मुलांना म्हणूनच वाटतं की बझर अर्धवट चालतोय.

आधी दिवा बघा, मग आवाज शोधा

इंजिन सुरू न करता चावी 'ऑन'वर आणा, बेल्ट लावू नका आणि मीटरकडे बघा.

लाल बेल्टचा दिवा लागला आणि आवाज आला नाही, तर बेल्टच्या बकलमधला स्विच आणि तिथून येणारी वायर बहुधा ठीक आहे. निरोप मीटरपर्यंत पोहोचलाय, तो ओरडून सांगणारा बझर बसलाय.

दिवाही नाही आणि आवाजही नाही, तर निरोपच पोहोचत नाहीये. मग बकल, सीटखालचा कपलर आणि वायर बघायची.

आता दुसरी चाचणी. हेडलाइट चालू करा, चावी काढा, ड्रायव्हरचं दार उघडा. हा आवाज आला, पण बेल्टचा आला नाही, तर बझर जिवंत आहे आणि अडचण फक्त बेल्टच्या सर्किटमध्ये आहे. दोन्ही आवाज गायब असतील तर संशय थेट बझरवर, त्याच्या फ्यूजवर किंवा अर्थिंगवर जातो.

या दोन चाचण्यांना पाच मिनिटं लागतात. त्या न करता गाडी वायरमनकडे दिली तर तो अख्खा डॅशबोर्ड उघडून बसतो, आणि जुन्या गाडीचा डॅशबोर्ड एकदा उघडला की नंतर खडखडतोच.

इंडिकेटरची टिकटिक ऐकू येते म्हणजे बझर चांगला आहे, असा समज मात्र करून घेऊ नका. जुन्या गाडीत ती टिकटिक वेगळ्या फ्लॅशर रिलेची असते. तिचा बझरशी संबंध नसतो.

बऱ्याचदा चोर दारातच असतो

लाइट चालू राहिल्याचा आणि चावी आत राहिल्याचा इशारा दार उघडल्यावरच वाजतो. दार उघडलं हे गाडीला कोण सांगतं? दाराच्या चौकटीत बसवलेला, रबराची टोपी घातलेला छोटा बटणासारखा स्विच. दार बंद असताना तो दाबलेला असतो, उघडलं की बाहेर येतो.

त्याची परीक्षा सोपी आहे. छतावरच्या दिव्याचा खटका 'डोअर' किंवा मधल्या स्थितीत ठेवा आणि ड्रायव्हरचं दार उघडा. दिवा लागला नाही, पण शेजारचं दार उघडल्यावर लागला, तर चोर सापडला. (खटका 'ऑफ'वर असल्यामुळे दिवा लागत नाही आणि लोक स्विच बदलून मोकळे होतात, हेही होतं.)

या स्विचला अनेक गाड्यांत एकच वायर असते. दुसरं टोक म्हणजे ज्या स्क्रूने तो गाडीच्या पत्र्याला बसवलाय तो स्क्रू. तिथूनच त्याला अर्थ मिळतो. त्या स्क्रूला गंज चढला किंवा डेंटिंग-पेंटिंग करताना त्याखाली रंग गेला, की स्विच चांगला असूनही काम करत नाही. मुंबईत, रत्नागिरी-सिंधुदुर्गात किंवा गोव्यात वापरलेल्या गाड्यांत हे जास्त दिसतं. खारी हवा आणि चार महिने पाऊस. स्विच बाहेर काढला की टर्मिनलवर हिरवट-पांढरी भुकटी दिसते. गॅरेजवाले त्याला 'कार्बन धरलाय' म्हणतात.

उपाय म्हणजे स्क्रू काढायचा, स्विच बाहेर ओढायचा, बारीक पॉलिश पेपरने स्क्रूची जागा आणि टर्मिनल घासायचं आणि परत बसवायचं. वायर सुटून आत चौकटीत पडणार नाही याची मात्र काळजी घ्या. एकदा ती आत गेली की बाहेर काढायला अर्धा दिवस जातो. रबराची टोपी फाटली असेल तर स्विचच बदललेला बरा, कारण पुढच्या पावसाळ्यात तेच होणार.

अनेक युरोपीय बनावटीच्या गाड्यांत असा बटण स्विच दिसतच नाही. तो दाराच्या लॉकच्या आत असतो. मग दाराचं पॅड उघडावं लागतं आणि ते काम गॅरेजमध्येच केलेलं चांगलं.

चावी आत राहिल्याचा इशाराच फक्त गायब असेल तर चावीच्या लॉकमधला छोटा कॉन्टॅक्ट झिजलेला असतो. १५ वर्षं रोज चावी फिरली की तो झिजणारच.

फ्यूज

बझरला स्वतंत्र फ्यूज क्वचितच असतो. छतावरचा दिवा, घड्याळ किंवा स्टिरिओ यांच्यासोबत तो एकाच फ्यूजवर असू शकतो. त्यामुळे बझरसोबत आणखी काय बंद पडलंय ते बघा. घड्याळ पुन्हा पुन्हा १२ वर जात असेल तर फ्यूज बॉक्स उघडा. पातीच्या फ्यूजमध्ये लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा आणि पिवळा २० चा. लालच्या जागी लालच टाकायचा. उडालेल्या फ्यूजमध्ये तार गुंडाळून काम भागवण्याची जी पद्धत आहे, तिने बझर वाजतो खरा, पण पुढे शॉर्ट झाल्यावर फ्यूजऐवजी वायरिंग जळतं.

आवाज येतो, पण अगदी बारीक

बझर पूर्ण बंद होण्यापेक्षा हा प्रकार जास्त चकवतो.

पूर्वीच्या काही गाड्यांमध्ये खरोखर घंटेसारखी यंत्रणा होती. जपानमध्ये १९८६ पर्यंत गाड्यांना वेगाचा इशारा सक्तीचा होता. ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडला की 'किन-कोन' असा आवाज यायचा आणि तो विजेच्या चुंबकाने धातूच्या पट्ट्यांवर टोला मारून काढला जायचा. आपल्याकडच्या गेल्या २०-२५ वर्षांतल्या बहुतेक गाड्यांत मात्र पिझो बझर असतो. पितळेची पातळ चकती आणि तिच्यावर सिरॅमिकचा थर. वीज दिली की चकती थरथरते. प्लास्टिकच्या डबीत ती बसवलेली असते आणि डबीला एक छोटं भोक असतं. आवाज मोठा होतो तो या डबीमुळे. भोक धुळीने बुजलं, किंवा कुणी त्यावर चिकटपट्टी लावली, की आवाज एकदम बसतो.

म्हणून बझर स्वतंत्र असेल (स्टिअरिंगखाली किंवा फ्यूज बॉक्सजवळ शोधा) तर आधी त्याचं तोंड साफ करून बघा.

इंजिन बंद असताना आवाज क्षीण आणि सुरू केल्यावर ठणठणीत, असं होत असेल तर बझरला दोष देऊ नका. चांगल्या बॅटरीचा व्होल्टेज इंजिन बंद असताना साधारण १२.६ असतो, सुरू असताना १४ च्या आसपास जातो. फरक कानाला जाणवत असेल तर बॅटरी थकली आहे किंवा अर्थिंगची वायर सैल आहे.

दोन्ही वेळा आवाज बारीकच येत असेल तर मीटरच्या सर्किट बोर्डावर संशय घ्यावा लागतो. तिथले कपॅसिटर वर्षानुवर्षं डॅशबोर्डच्या उष्णतेत सुकतात. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड किती तापतो हे वेगळं सांगायला नको. कधी बझरच्या पायांचं सोल्डर तडकतं, मग खड्ड्यातून गेल्यावर आवाज येतो आणि पुन्हा जातो. टीव्ही दुरुस्त करणारा चांगला कारागीर हे काम करू शकतो. बझर आणि कपॅसिटर हे दोन्ही मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळणारे स्वस्त सुटे भाग आहेत. जुना बझर सोबत न्या, कारण दिसायला सारखे असले तरी काही बझर नुसती वीज दिली की वाजतात आणि काहींना बाहेरून सिग्नल लागतो.

आणि एक शक्यता जरा नाजूक आहे. पिझो बझरचा सूर चढा असतो आणि वयानुसार आधी चढे सूरच ऐकू येईनासे होतात. बाबा म्हणतात आवाज येत नाही आणि मागच्या सीटवरचा नातू कानावर हात ठेवतो, तर गाडीला काहीच झालेलं नाही.

नवीन स्टिरिओ बसवला आणि आवाज गेला

स्टिरिओ बदलल्यानंतर बझर गेला असेल तर योगायोग समजू नका. जनरल मोटर्ससह काही कंपन्यांच्या गाड्यांत इशाऱ्याचे आवाज कंपनीच्या स्टिरिओमधून, स्पीकरवर येतात. तो काढून बाजारातला टचस्क्रीन बसवला की बेल्ट, लाइट आणि दार, सगळ्यांचेच इशारे जातात. अशा गाड्यांसाठी इशाऱ्याचा आवाज टिकवणारे अडॅप्टर मिळतात. दुकानदाराला बसवायच्या आधीच विचारा.

सेकंडहँड गाडी असेल तर हे नक्की बघा

बझर बिघडलेला नसून मुद्दाम मारलेला असण्याची शक्यता सेकंडहँड गाडीत चांगलीच असते. बकलमध्ये घालायची नुसती धातूची जीभ, म्हणजे 'अलार्म स्टॉपर' क्लिप, काही वर्षांपूर्वीपर्यंत ऑनलाइन सर्रास मिळायची. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरमध्ये चारोटीजवळ झालेल्या अपघातात उद्योजक सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. मागच्या सीटवर बसलेल्या मिस्त्रींनी बेल्ट लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं आणि बेल्टचा विषय देशभर गाजला. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो, स्नॅपडील आणि शॉपक्लूज या पाच वेबसाइटना या क्लिप काढून टाकायला लावल्या. तब्बल १३,११८ जाहिराती हटवल्या गेल्या.

क्लिप दिसते तरी. सीटखाली बकलच्या दोन वायर कापून एकमेकींना जोडलेल्या असतील तर काहीच दिसत नाही. मीटरला वाटतं बेल्ट कायम लावलेला आहे. बेल्ट न लावता चावी 'ऑन' केल्यावर लाल दिवा लागलाच नाही, तर मोबाइलची बॅटरी लावून सीटखाली बघा. काळ्या टेपचा गोळा दिसला की समजून जा.

मात्र फक्त बघा. सीटखालचा पिवळा कपलर किंवा पिवळ्या नळीतली वायर एअरबॅग आणि बेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेची असते. ती टेस्ट लॅम्पने किंवा मल्टीमीटरने तपासायची नाही. चुकून करंट गेला तर एअरबॅग फुटू शकते. एअरबॅग असलेल्या गाडीत सीट किंवा मीटर काढायचं असेल, तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून पुस्तकात सांगितलेला वेळ थांबावं लागतं. आणि वायरिंगशी खेळ झालेला दिसला तर ते काम थेट कंपनीच्या वर्कशॉपला द्यावं. जाताना फक्त एवढं सांगा: कुठला दिवा लागतो, कुठला लागत नाही, आणि कुठला आवाज कधीपासून गेलाय.