तंजावर दरबार व ल्यूथरपंथी पाद्री

आपल्याकडे युरोपांतील धर्मोपदेशक तेवढा ‘पाद्री’, मग तो गोव्याचा जेसुइट असो कीं तंजावरचा श्वार्त्झ असो. पोर्तुगीजांकडून आलेला हा शब्द व्यवहारास पुरतो, इतिहासास पुरत नाहीं. तंजावरच्या भोसल्यांचे कागद हाताळणारांनीं तर हा भेद ध्यानांत ठेविलाच पाहिजे; कारण श्वार्त्झ हा इंग्रज नव्हे, डेनही नव्हे, तो प्रशियाच्या राज्यांत जन्मलेला ल्यूथरपंथी जर्मन होता.

या पंथाचें मूळ सर्वश्रुत आहे. सन १५१७ त मार्टिन ल्यूथरनें पापविमोचनपत्रांच्या विक्रीविरुद्ध ९५ प्रमेयें मांडलीं व १५३० त आउग्सबुर्ग येथें पांचव्या चार्ल्स बादशहापुढें पंथाचें मतपत्र वाचलें गेलें. परंतु ग्रंथसंग्राहकास १५२२ व १५३४ हीं सालें अधिक मोलाचीं. पहिल्या सालीं नवा करार व दुसऱ्या सालीं संपूर्ण बायबल ल्यूथरनें जर्मन भाषेंत प्रसिद्ध केलें. पूर्वींचीं जर्मन भाषांतरें लॅटिनवरून झालेलीं. हा मूळ ग्रीक व हिब्रू संहितेकडे गेला. आपल्या परिभाषेंत बोलावयाचें तर आचार्यवचनाहून श्रुति बलीयसी ठरली. मात्र आपल्याकडे श्रुति भाषांतरावयाची नसते, तेथें ती भाषांतरलीच पाहिजे असा आग्रह.

क्रिस्तपुराण वाचलेल्यास याचें मर्म चटकन कळेल. १६१६ त राचोल येथें छापलेल्या त्या ग्रंथांत फादर स्टीफन्सनें ओवीबद्ध पुराण रचिलें, संहितेचें भाषांतर केलें नाहीं. भाषेच्या गोडीनें पाहतां त्यास तोड नाहीं, आणि मुद्रणांतही जेसुइट शतकाहून अधिक पुढें होते. ९ जुलै १७०६ रोजीं डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक यानें धाडलेले त्सीगेनबाल्ग व प्लुत्शाउ हे ल्यूथरपंथी तरंगंबाडीस उतरले. हें बंदर डेनांनीं १६२० त रघुनाथ नायकाकडून मिळविलें होतें. आतां भोंवतालचा मुलूख व्यंकोजीपुत्र शहाजीचा होता. त्सीगेनबाल्गचा तामिळ नवा करार १७१४-१५ त छापून निघाला.

याच त्सीगेनबाल्गनें तामिळ पोथ्या जमविल्या आणि १७०८ त त्यांची वर्णनात्मक सूचि केली. पुढें १७१३ त दक्षिणेंतील देवतांची वंशावळ सांगणारा ग्रंथ लिहून त्यानें हाल्ले येथील फ्रांकेकडे पाठविला. मूर्तिपूजा उपटण्यास धाडलेल्या माणसानें तिच्या कथा युरोपांत पसराव्या, हें फ्रांकेस रुचलें नाहीं. ग्रंथ लोकांपुढें ठेवावा असें सांगणाऱ्या पंथानेंच हा ग्रंथ दीडशें वर्षें बासनांत ठेविला. तो १८६७ त मद्रासेस छापला गेला.

श्वार्त्झ १७५० त आला व १७७८ पासून तंजावरांत राहिला. त्याचें वेतन पुढें लंडनच्या ख्रिस्ती ज्ञानप्रसारक मंडळीकडून येई. बिशपांच्या अखंड परंपरेंतली दीक्षा नसेल तर इंग्लंडचें चर्च पुरोहित मानीत नाहीं. तरी त्याच चर्चच्या या मंडळींनीं अशी दीक्षा नसलेले ल्यूथरपंथी दक्षिणेंत अठराव्या शतकांत पोसले. ख्रिस्ती धर्मेतिहासांत ही गोष्ट लहान नव्हे. वितंडा विलायतेंत राहिली, कावेरीकांठीं काम चाललें.

१७८७ त तुळजाजी वारला. त्याचा दत्तकपुत्र सरफोजी यास अमरसिंहाच्या कारकीर्दींत जपणारा श्वार्त्झच. १३ फेब्रुवारी १७९८ रोजीं तो मृत्यु पावला आणि त्याच वर्षीं सरफोजी गादीवर आला. सरफोजीचें ग्रंथप्रेम सर्वस्वीं या गुरूचें देणें, असें कोणी म्हणतात. तें मला अतिशयोक्त वाटतें. सरस्वतीमहालाचा पाया नायकांच्या काळचा आहे. शिवाय शिष्यानें धर्म सोडला नाहीं. १८०३ त बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसलेवंशाचें चरित्र मराठींत कोरविणारा आणि फ्लॅक्समनकडून श्वार्त्झच्या मृत्युशय्येचें संगमरवरी शिल्प करविणारा राजा एकच. त्या शिल्पांत राजा स्वतः गुरूचा हात धरून उभा आहे.

या पाद्र्यांचीं वृत्तें हाल्ले येथें १७१० पासून जर्मन भाषेंत छापलीं जात. तुळजाजी व अमरसिंह यांच्या काळासाठीं मोडी रुमाल व इंग्रजी दप्तर चाळून थांबणारानें तींही मागवून घ्यावीं.