दोन साक्षीदार

अमेरिकेच्या पश्चिमेकडे जमीन मिळवायची तर कष्टांच्या जोडीला शेजारीही लागत. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन जवळजवळ फुकट देऊ केली होती. साधारण १८ डॉलर फी भरायची, पाच वर्षं त्याच जागेवर राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची. मुदत भरली की कचेरीत जाऊन हे सगळं सिद्ध करायचं. त्या वेळी दोन साक्षीदारांनी शपथेवर सांगायचं: होय, हा माणूस इथे राहतो, त्याचं घर आम्ही पाहिलंय, इतके एकर त्याने पिकाखाली आणलेत. साक्षीदार नसतील तर जमीन नाही.

माझ्या नवऱ्याच्या खापरपणजोबांना मिळालेला असा जमिनीच्या मालकीचा कागद नेब्रास्कात, व्हॅली काउंटीतल्या ऑर्ड गावाजवळ, माझ्या चुलतसासऱ्यांच्या घरी भिंतीवर लावलेला आहे. त्यावर साक्षीदारांची नावं नाहीत; ती सरकारी दप्तरात. बाबींना मात्र ती तोंडपाठ होती. बाबी म्हणजे माझ्या आजेसासूबाई. चेक घरांमध्ये आजीला असं म्हणतात, आणि लग्न होऊन त्या घरात गेल्यावर मीही तेच म्हणू लागले. त्यांचा जन्म १९१२ चा. माझं माहेर कृष्णाकाठचं, वाळवा तालुक्यातलं, ऊस आणि हळद पिकवणारं. मला शेतातलं कळतं हे लक्षात आल्यावर त्यांनी मला जवळ बसवून सांगायला सुरुवात केली, ती अखेरपर्यंत. "दोन्ही नावं लक्षात ठेव," त्या बजावायच्या. "एक आपल्याच मुलखातला. दुसरा डॅनिश, त्याला आपलं अक्षर कळत नव्हतं. तरी ऐन कापणीत काम टाकून तो ग्रँड आयलंडला आला होता." ग्रँड आयलंडची कचेरी तिथून साठेक मैल.

हे लोक बोहेमियातून आले. तेव्हा तो ऑस्ट्रियाच्या साम्राज्याचा भाग होता. घरची जमीन थोडी, ती थोरल्याकडे जायची. धाकट्याच्या वाट्याला दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी आणि सक्तीची लष्करी नोकरी. इकडे ओमाहात एडवर्ड रोझवॉटर या बोहेमियातूनच आलेल्या माणसाने १८७१ मध्ये 'पोक्रोक झापादू', म्हणजे 'पश्चिमेची प्रगती', नावाचं चेक वृत्तपत्र काढलं होतं. पश्चिमेतल्या मोकळ्या जमिनींच्या बातम्या अशा पत्रांमधून आणि त्याहून जास्त नातेवाइकांच्या चिठ्ठ्यांमधून बोहेमियाच्या खेड्यांत पोचत. खापरपणजोबा १८७० च्या दशकाच्या शेवटी आले, ते बायकोच्या बहिणीच्या पत्रावरून. जहाज, मग ग्रँड आयलंडपर्यंत रेल्वे, पुढे बैलगाडी. नॉर्थ लूप नदीच्या खोऱ्यात पोचले तेव्हा उन्हाळा सरत आला होता आणि नजर जाईल तिथवर गवत होतं. झाडं फक्त ओढ्यांच्या कडेने.

झाडं नाहीत म्हणजे लाकूड नाही, म्हणून घरंही जमिनीचीच. खास नांगराने गवताळ मातीचे फूटभर रुंद, चार बोटं जाड पट्टे कापायचे, दोनतीन फुटांचे तुकडे करायचे आणि ते विटांसारखे, गवताची बाजू खाली करून रचायचे. गवताच्या मुळांचं जाळं माती धरून ठेवतं. भिंती दोन-अडीच फूट जाड. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. पण पाऊस आला की छप्पर गळे, आणि बाहेरचा पाऊस थांबल्यावरही आत दोन-तीन दिवस चिखलाचं पाणी ठिबके. बाबींच्या आईचा जन्म अशाच घरातला, १८७९ चा. बाळंतिणीच्या अंथरुणावर मेणकापड ताणून धरलं होतं आणि ते धरायला शेजारच्या दोन बायका आळीपाळीने उभ्या होत्या, हे बाबींनी आपल्या आजीकडून ऐकलेलं. जळणाला वाळलेलं शेण, मक्याची बुरकुंडं, गवताचे पीळ. शेणाचं ऐकून मी गोवऱ्यांबद्दल बोलू लागले तेव्हा बाबींना फार आनंद झाला. शेण हाताने थापावं हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या आजीने गोळा केलं ते माळावर उन्हाने आपोआप वाळलेलं, सुरुवातीची वर्षं तर रानगव्यांचं. गवे तोवर मारून संपवले होते. शेण तेवढं मागे राहिलं होतं.

पहिल्या वर्षांत हाताला पैसा मिळाला तो फोर्ट हार्टसफ या जवळच्या लष्करी ठाण्यामुळे. हे ठाणं १८७४ मध्ये बांधायला घेतलं. त्याच वर्षी टोळधाडीने सगळी पिकं फस्त केली होती आणि आधी आलेल्या कितीतरी कुटुंबांना त्या बांधकामावरच्या मजुरीनेच तारलं. खापरपणजी तिथे लोणी आणि अंडी विकायच्या. १८८१ मध्ये ठाणं बंद झालं तोवर त्यांच्या दोन गाई झाल्या होत्या. त्यांच्या पैशांतून आल्या, असं बाबी आवर्जून सांगत.

पश्चिमेच्या या इतिहासात एकट्या पुरुषाचं चित्र फार रंगवलं जातं: एक माणूस, एक नांगर, अफाट माळ. बाबींच्या गोष्टींमध्ये असा एकटा माणूस मला कधी भेटला नाही, आणि जो एकटा होता तो टिकला नाही. देशभरात या कायद्याखाली सुमारे ४० लाख दावे दाखल झाले; कागदापर्यंत पोचले १६ लाख. बाकीच्यांना दुष्काळाने, कर्जाने, आजारपणाने परत पाठवलं. टिकले ते बहुतेक गोतावळ्याने आलेले. भावाच्या शेजारी भाऊ, त्याला लागून मेव्हणा. कायद्याने २१ वर्षांच्या अविवाहित बाईला आणि विधवेलाही स्वतःच्या नावावर जमीन घेता येई. नवऱ्याबरोबर राहणाऱ्या बाईला येत नसे. खापरपणजोबांच्या धाकट्या बहिणीने म्हणूनच लग्नाआधी दावा लावला. तिचा होणारा नवराही दावेदार होता, आणि लग्न झाल्यावर दोघांना दोन वेगवेगळ्या घरांत राहून दोन दावे चालवणं जमलं नसतं. तिने कागद हातात येईपर्यंत लग्न लांबवलं. एवढी वर्षं ती भावाच्या हद्दीला लागून, हाकेच्या अंतरावर, मातीच्या घरात एकटी राहिली. रात्री दोन्ही घरांत खिडकीपाशी कंदील ठेवायचा आणि एकीकडचा दिसला नाही तर दुसऱ्याने जायचं, असं ठरलेलं होतं. तिच्या या जिद्दीचं मला अजूनही मनापासून कौतुक वाटतं.

१२ जानेवारी १८८८ या तारखेबद्दल बाबी बोलायला लागल्या की आवाज बदले. त्या दिवशी सकाळी हवा इतकी ऊबदार होती की मुलं जाड कोट न घालता शाळेत गेली. पुढे काही तासांतच वायव्येकडून वादळ आलं. हात समोर धरला तर दिसेना, एवढं बारीक बर्फ. त्यात दोनशेहून जास्त माणसं गेली, त्यांत शाळेतून घरी निघालेली मुलं पुष्कळ. ऑर्डजवळच्याच एका शाळेचं छप्पर उडालं तेव्हा मिनी फ्रीमन या तरुण शिक्षिकेने सगळ्या मुलांना जवळच्या शेतघरात सुखरूप नेलं. तिचं नाव देशभर झालं. मुलांना एका दोरीला बांधलं होतं असं वर्तमानपत्रांनी लिहिलं, पण त्या दोरीबद्दल पुढे मतभेद राहिले. बाबींची आई दुसऱ्या शाळेत होती, आठ-नऊ वर्षांची. तिथल्या बाईंनी कुणालाच बाहेर जाऊ दिलं नाही. रात्रभर बाकं जाळून शेकोटी चालू ठेवली. सकाळी कुंपणाची तार धरत धरत तिचे वडील पोचले. त्यांनी सगळ्या मुलांची डोकी मोजली, मग आपल्या मुलीला उचललं. "आधी सगळी मोजली," हे बाबी दर वेळी सांगत.

पुढे मातीची घरं गेली, लाकडाची आली. १८९१ मध्ये ओमाहाहून यान रोझित्स्की यांनी 'होस्पोदार्ष' नावाचं शेतीचं चेक नियतकालिक सुरू केलं. त्याची मोठी मौज वाचकांच्या पत्रांमध्ये होती. टेक्सासचा शेतकरी नेब्रास्कातल्याला कापसाबद्दल लिही, डाकोटातला गव्हाबद्दल. १८९७ मध्ये ओमाहात झेड.सी.बी.जे. ही बंधुसंस्था निघाली. वर्गणी भरायची, घरातलं माणूस गेलं तर मागे राहिलेल्यांना रक्कम मिळायची. आणि बायकांना पुरुषांच्या बरोबरीने सभासदत्व. तिच्या सभागृहांमध्ये नाटकं व्हायची, पोल्का नाच व्हायचे, लग्नं जमायची. बाबींचंही तिथेच जमलं.

त्यांचं लग्न झालं ते सगळ्यात वाईट दिवसांत. १९३२ च्या सुमाराला मक्याचा भाव असा पडला की विकण्यापेक्षा चुलीत घालणं परवडे. आणि लोकांनी घातलाही. पाठोपाठ अवर्षण, १९३४ आणि १९३६ ची होरपळ. कर्ज थकलं की सावकाराचा लिलाव. नेब्रास्कातल्या शेतकऱ्यांनी त्यावर उपाय काढला होता: लिलावाला सगळ्यांनी मिळून जायचं, गाईला दहा सेंट, नांगराला पाच सेंट अशी बोली लावायची, कुणालाही वर चढू द्यायचं नाही, आणि विकत घेतलेलं सगळं मूळ मालकाला जागच्या जागी परत करायचं. बाबींच्या सासऱ्यांचा असा लिलाव झाला. सगळी औतं आणि जनावरं मिळून पाच डॉलरच्या आत गेली आणि त्याच संध्याकाळी गोठ्यात परत आली. गर्दीत पहिल्या रांगेला त्या डॅनिश साक्षीदाराचा नातू उभा होता.

तरीही सगळ्यांना तग धरता आला नाही. बाबींचे दोन भाऊ ओरेगॉनला गेले, बहीण कॅलिफोर्नियाला. आजीआजोबांनी पश्चिमेला येऊन जे उभं केलं ते सोडून नातवंडं आणखी पश्चिमेला. तेव्हापासून भावंडांचं एक पाकीट फिरू लागलं. बाबींनी पत्र लिहून थोरल्या भावाला पाठवायचं, त्याने आपलं घालून धाकट्याला, त्याने बहिणीला, आणि ते सगळं मिळून पुन्हा ऑर्डला. फेरी पूर्ण झाली की ज्याने त्याने आपलं जुनं पत्र काढून नवं घालायचं. पावसाचं, भावांचं, बाळंतपणांचं, विहिरीच्या पाण्याचं. एकदा बाबींच्या मातीतल्या खसखशीचं बी गेलं, कारण तिकडच्या खसखशीचे कोलाचे, म्हणजे गोड चेक पाव, बहिणीला आवडेनात. पन्नासहून अधिक वर्षं हे पाकीट फिरलं. पण प्रत्येकाने आपलंच पत्र परत घेतल्यामुळे सगळी पत्रं कुणाही एकाकडे नाहीत. बाबींच्या कपाटात सापडली ती फक्त बाबींची. 'त्या औषधाने वासराला गुण आला', 'तू म्हणतोस तसं करू नकोस', अशी उत्तरं आहेत. भावंडांनी काय विचारलं होतं ते नाही. एका कुटुंबाचा पाऊण इतिहास असा दोन राज्यांत विखुरला, आणि मी आता त्या नातवंडांना, पुतण्याभाच्यांना पत्रं लिहून माळ्यावरच्या पेट्या उघडायला सांगते आहे.

एक गोष्ट बाबींच्या पत्रांत नाही आणि त्यांच्या बोलण्यातही क्वचितच असे. लहानपणी नांगरामागून चालताना त्यांना बाणांची दगडी टोकं सापडायची. हा सगळा मुलूख पॉनी या मूळनिवासी लोकांचा. लूप नदीच्या काठाने त्यांची मातीची मोठी गोल घरं होती, मक्याची शेतं होती. १८५७ च्या तहाने त्यांच्याकडून प्लॅट नदीच्या उत्तरेचा मुलूख गेला, मागे राहिली ती जिनोआजवळची छोटी राखीव जागा. १८७३ ते १८७५ च्या दरम्यान त्यांना दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. खापरपणजोबा आले त्याच्या थोडीच वर्षं आधी. इथे आधी कोण राहत होतं, याची साक्ष त्या कचेरीत कुणीच मागितली नव्हती. या घराच्या कष्टांचा मला जितका अभिमान आहे तितकीच ही बाजू टोचते, आणि घरात ती बोलली जावी म्हणून मी आग्रह धरते.

पॉनींनी जाताना मक्याचं बियाणं सोबत नेलं होतं, पण ओक्लाहोमाच्या हवेत ते नीट धरेना. शेवटी काही वाणांचे मोजकेच दाणे उरले. २००० नंतरच्या दशकात पॉनींच्या बियाण्याचं जतन करणाऱ्या डेब एको-हॉक आणि कार्नी गावच्या रॉनी ओब्रायन यांनी मिळून ते दाणे पुन्हा नेब्रास्काच्या मातीत पेरले. मका आला. पुढे वसाहतवाल्यांच्याच वंशजांनी आपल्या शेतांत आणि परसांत जागा देऊन पीक वाढवलं आणि बियाणं पॉनींकडे परत पोचवलं. २००७ मध्ये लेखक रॉजर वेल्श यांनी डॅनेब्रोगजवळची, लूप नदीवरची आपली साठेक एकर जमीनच पॉनी राष्ट्राच्या नावे केली.

गेल्या खेपेला जेवणाच्या टेबलावर मी हे सांगितलं. चुलतसासरे ऐंशीच्या पुढचे, बोलायला कमी. ते बराच वेळ ऐकत राहिले, मग विचारू लागले: पॉनींचा मका किती दिवसांत तयार होतो? ताटं केवढी होतात? चहूकडे संकरित मका उभा असताना त्याचा पराग वाऱ्याने यात मिसळू नये म्हणून काय करतात? मी म्हटलं, पेरणीची वेळ मागेपुढे करतात, नाहीतर अंतर ठेवतात. त्यावर ते नातवाकडे वळले आणि नदीकडच्या तुकड्यात यंदा सोयाबीनच घ्यायचं का, म्हणजे त्या बाजूला मका नसेल, याचा हिशेब सुरू झाला.