डेव्हीची सोन्याची भांडी

हवेत नायट्रोजन आहे, पाण्यात हायड्रोजन आहे. विजेनं दोघांची गाठ घालून दिली की झाला अमोनिया! आणि अमोनियापासून युरिया फार लांब नाही. ऐकायला इतकी सोपी असलेली ही गोष्ट दोनशे वर्षांहून अधिक काळ रसायनशास्त्रज्ञांना चकवत आली आहे.

पहिला मान हंफ्री डेव्हीचा. नोव्हेंबर १८०६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यानं आपले प्रयोग मांडले. शुद्ध पाण्यातून वीज सोडली, तर एका ध्रुवाशी आम्ल आणि दुसऱ्याशी अल्क येतं कुठून, हा त्याचा प्रश्न. काचेतून काही झिरपत असेल म्हणून त्यानं सोन्याची भांडी घेतली. पाण्यात क्षार असतील म्हणून ते चांदीच्या भांड्यात पुन्हा तापवून, वाफ थंड करून घेतलं. तरी थोडं आम्ल आणि थोडा अमोनिया उरलाच. मग त्यानं भोवतालची हवा काढून तिथं हायड्रोजन भरला. दोन्ही नाहीसे! म्हणजे नायट्रोजन हवेतलाच होता. मला या प्रयोगात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे शेवटचं पाऊल.

पण तो अमोनिया नाममात्र होता. जगाला खत मिळालं ते दुसऱ्याच वाटेनं. फ्रिट्झ हाबरनं १९०९ साली प्रचंड दाब आणि पाचशे अंशांच्या आसपास उष्णता वापरून अमोनिया केला. १९१३ साली जर्मनीत ओप्पाऊ इथं त्याचा कारखाना उभा राहिला. त्यासाठी लागणारा हायड्रोजन आधी कोळशापासून, पुढे मुख्यतः नैसर्गिक वायूपासून मिळू लागला. आपल्याकडे पंजाबात नांगलला मात्र १९६१ पासून भाक्राच्या विजेनं पाणी फोडून तो मिळवत. पुढे तोही कारखाना इंधन तेलाकडे वळला.

तिथंही वीज फक्त पाणी फोडायची. अमोनिया एकाच घटात, नेहमीच्या तापमानाला करता आला, तर उन्हाच्या विजेवर गावोगावी खत होईल, ही आशा मोठी आहे. अडचण अशी की नायट्रोजनचे दोन अणू तिहेरी बंधानं घट्ट बांधलेले असतात. वीज त्यांना हात लावण्याआधीच पाण्यातला हायड्रोजन बुडबुडे होऊन निघून जातो.

तरी २०१० नंतर यशाचे दावे धडाधड येऊ लागले. मिळालेला अमोनिया मात्र इतका कमी, की हवेतून, हातमोज्यांतून, अगदी श्वासातूनही तेवढा येऊ शकतो! ‘सायन्स’ नियतकालिकात २०१४ साली आलेला एक गाजलेला दावा २०२० मध्ये मागे घेतला गेला. डेन्मार्क आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१९ साली ‘नेचर’मध्ये कसोटीच घालून दिली: नेहमीच्यापेक्षा जड असा नायट्रोजन-१५ वापरा आणि तोच अमोनियात उतरला का, ते पाहा. तीत लिथियमची रीत उतरली. जपानी संशोधकांनी ती १९९० च्या दशकात मांडली होती. पण तिच्यात हायड्रोजन पाण्याऐवजी अल्कोहोलमधून येतो आणि वीजही पुष्कळ लागते.

शेतकऱ्याच्या गोणीपर्यंतची वाट म्हणूनच अजून बाकी आहे. आणि गंमत पाहा, त्या वाटेवर २०१९ साली विचारावा लागलेला प्रश्न, ‘हा नायट्रोजन नक्की कुठून आला?’, डेव्हीनं १८०६ मध्येच विचारून ठेवला होता.