सरकारच्या कानाशी कोण लागतं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सोयगाव म्हणजे अजिंठ्याच्या डोंगरपायथ्याचा, कापसाचा मुलूख. माझं लहानपण याच कापसात गेलं. दिवाळीच्या सुमारास घरातली एक खोली कापसानं भरून जायची. आता ऐन वेचणीच्या तोंडावर पाऊस कोसळला, की फुटलेली बोंडं झाडावरच काळी पडतात. शेतकरी आभाळाकडे बघतो. मला वाटतं, त्यानं मुंबई-दिल्लीकडेही बघायला हवं. हवा बदलते आहे, तिच्याबद्दलची धोरणं तिथं ठरतात. पण ती ठरताना सरकारच्या कानाशी कोण लागतं, ते आपल्याला दिसत नाही.

प्रश्न जुनाच आहे. १८७५ मध्ये मुंबई सरकारनं गिरण्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्यात गिरणीमालकही होते. बहुसंख्य सदस्यांचं मत पडलं, की कायद्याची गरज नाही. १८८४ मध्ये पुन्हा आयोग बसला, तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं. आठवड्याला एक सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विसावा, या त्यातल्या मागण्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

म्हणजे सरकारकडे गाऱ्हाणं मालकांनीही नेलं, मजुरांनीही नेलं. गाऱ्हाणं नेणं हा गुन्हा नव्हे. लोखंड्यांच्या कागदाखाली सह्या होत्या, एवढंच मला सांगायचं आहे. बिनसहीचं गाऱ्हाणं घातक.

त्याचा नमुना अमेरिकेत दिसला. तेल, कोळसा, मोटारी अशा उद्योगांनी १९८९ मध्ये 'ग्लोबल क्लायमेट कोअॅलिशन' नावाची संघटना काढली. हवामानबदलाचं विज्ञान अजून पक्कं नाही, असं ती जगाला सांगत राहिली. १९९५ मध्ये तिच्याच तज्ज्ञांनी अंतर्गत टिपणात लिहिलं होतं, की हरितगृह परिणामाचा शास्त्रीय पाया नाकारता येणार नाही. २००२ मध्ये संघटना गुंडाळली गेली. ते टिपण लोकांपुढे आलं २००९ मध्ये. तोवर कितीतरी पावसाळे निघून गेले होते!

आपल्याकडे काय? लॉबिंगची नोंद सक्तीची करणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. मात्र मुंबईतल्या 'सेबी'नं २०२१ मध्ये एक पाऊल टाकलं. बाजारमूल्यानं पहिल्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण व सामाजिक जबाबदारीचा अहवाल देणं बंधनकारक झालं. त्याचं सातवं तत्त्व धोरणांवर प्रभाव टाकण्याविषयीच आहे. कंपनी कोणत्या उद्योगसंघटनांची सभासद आहे, हे सांगावंच लागतं. पण कोणत्या धोरणाची बाजू मांडली, कशी मांडली, हा रकाना ऐच्छिक! घरात पाहुणा कोण आला ते सांगायचं, काय बोलला ते नाही, असा हा प्रकार.

दुसरा धागा माहिती अधिकाराचा. २००५ च्या कायद्यातलं चौथं कलम सरकारलाच सांगतं, की महत्त्वाची धोरणं आखताना सर्व संबंधित तथ्यं प्रसिद्ध करा. मग कोणत्या कंपनीनं, कोणत्या संघटनेनं काय मागितलं, हेही त्यात का येऊ नये?

पीककर्जाच्या कागदावर आमचा शेतकरी सही करतो, नाहीतर अंगठा उमटवतो. त्याच्या शेतावरच्या पावसाबद्दल बोलणाऱ्यांनीही आपल्या कागदाखाली सही करावी. मागणी एवढीच आहे.