नभोवाणीची शाळा

आफ्रिकेंतील झांबिया देश पूर्वीं उत्तर ऱ्होडेशिया या नांवानें ओळखला जात असे. या देशाच्या खेड्यांत नभोवाणी दोन वेळां नव्या रूपानें गेली. या दोन खेपांतील फरक शिक्षणाचा विचार करणाऱ्यांनीं ध्यानांत घेण्यासारखा आहे.

पहिली खेप इ. स. १९४९ ची. तेथील ब्रिटिश सरकारच्या माहिती खात्याचे प्रमुख हॅरी फ्रँकलिन यांच्या आग्रहावरून एव्हर रेडी कंपनीनें बॅटरीवर चालणारा स्वस्त रेडिओ तयार केला. त्याचा आकार गोल पातेल्यासारखा, म्हणून त्याचें नांव 'सॉसपॅन' पडलें. किंमत पांच पौंड. लुसाका केंद्रावरून बेंबा, न्यांजा इत्यादि देशी भाषांतील शब्द वीज नसलेल्या झोंपड्यांत पोहोंचूं लागले. परंतु श्रोत्यानें केवळ ऐकावयाचें, अशीच ती व्यवस्था होती.

इ. स. १९६४ मध्यें देश स्वतंत्र झाला. पुढें तांब्याचे भाव कोसळून सरकारी तिजोरी रिती झाली आणि पाठोपाठ एड्सची सांथ आली. इ. स. १९९८ च्या पहिल्या दहा महिन्यांत सुमारें १,३०० शिक्षक मरण पावले. मुलें पोरकीं झालीं. शाळाही पोरक्या झाल्या.

अशा वेळीं, इ. स. २००० मध्यें, शिक्षण खात्यानें 'लर्निंग ॲट टाओंगा मार्केट' ही पाठमाला सुरू केली. रोज अर्धा तास नभोवाणीवरील शिक्षिका प्रश्न विचारी आणि क्षणभर गप्प राही. त्या अवकाशांत मुलें एका सुरांत उत्तर देत. गांवानेंच निवडलेला एखादा स्वयंसेवक फळ्यावर लिही आणि चुकलेल्यास सांवरी. ही पद्धत इ. स. १९७४ पासून निकाराग्वांत गणितासाठीं योजिली गेली होती.

यंत्रास बोलतां येतें, ऐकतां येत नाहीं. मुलाचें उत्तर बरोबर कीं चूक, तें आज उपाशी आहे काय, काल आलें कां नाहीं, हें त्या स्वयंसेवकासच कळे. म्हणून त्या शाळेचा प्राण लुसाकाच्या मनोऱ्यांत नव्हता; तो त्या क्षणभराच्या मौनांत आणि तें भरून काढणाऱ्या माणसांत होता. तासभर अखंड बोलून वर्गाबाहेर पडणाऱ्या आम्हां प्राध्यापकांस ही गोष्ट थोडी लाजविणारीच आहे.