दरबार निघाला जम्मूला

जम्मू-काश्मीरचं सरकार थंडीपायी दरवर्षी बिऱ्हाड हलवायचं. महाराजा रणबीरसिंहांनी १८७२मध्ये ही प्रथा पाडली: उन्हाळ्यात राजधानी श्रीनगर, हिवाळ्यात जम्मू.

ऑक्टोबर सरत आला की सचिवालयात फायलींचे गठ्ठे बांधले जात, पेट्या ट्रकांवर चढत आणि बनिहालमार्गे सुमारे ३०० किलोमीटरवर जाऊन उतरत. पाठोपाठ हजारो कर्मचारी, कित्येकांची बायकामुलंही. काश्मिरी गिऱ्हाइकांच्या या वर्दळीवर जम्मूच्या रघुनाथ बाजाराचा हिवाळ्यातला धंदा उभा होता.

खर्च मात्र डोळे पांढरे करणारा. २०२१मध्ये फायली संगणकावर गेल्या आणि प्रथा बंद झाली. दरसाल २०० कोटी वाचतील, असं प्रशासनाने सांगितलं. या हिशेबात बाजार धरलाच नव्हता, ही मोठी चूक! व्यापारी सतत गाऱ्हाणं मांडत राहिले. अखेर २०२५च्या नोव्हेंबरात ओमर अब्दुल्ला सरकारची कार्यालयं पुन्हा जम्मूत उघडली.