तारेने मोजलेला श्वास

शास्त्रज्ञांच्या शोधांपेक्षा त्यांच्या अडचणी वाचायला मला जास्त आवडतात. (मी कला शाखेचा, तेव्हा रसायनवाल्यांनी सांभाळून घ्यावे!)

लेलँड क्लार्क हे अमेरिकेत ओहायोमधल्या अँटिऑक कॉलेजात संशोधन करीत. रोग्याचे रक्त शरीराबाहेर काढून त्यात ऑक्सिजनचे बुडबुडे सोडायचे आणि ते परत आत पाठवायचे, असे यंत्र त्यांनी केले. त्यावरचा निबंध संपादकाने नाकारला. परत जाणाऱ्या रक्तात ऑक्सिजन किती, हे मोजलेच नव्हते ना! मला तर तो संपादकच आवडला.

प्लॅटिनमच्या तारेला सुमारे ०.६ व्होल्ट दिले की तिच्याजवळचा ऑक्सिजन खर्च होतो आणि वीज वाहते. ऑक्सिजन जास्त, तर वीज जास्त. एवढे आधीच ठाऊक होते. पण रक्तात घातली की तार प्रथिनांनी माखायची आणि आकडे बिघडायचे. १९५४ साली क्लार्कनी तार आणि तिचा जोडीदार इलेक्ट्रोड, दोन्ही एका पातळ पडद्याआड ठेवले. ऑक्सिजन आत झिरपतो, बाकी पसारा बाहेर. झाले काम! १९६२ मध्ये त्यांनी याच इलेक्ट्रोडला एका एन्झाइमची जोड देऊन साखर मोजण्याची वाट दाखवली. (आमच्यासारख्या मधुमेह्यांनी त्यांना नमस्कार करावा.)

पुढे यीस्ट वाढवायच्या भांड्यांतही असे इलेक्ट्रोड बसले, आणि तिथे गंमत झाली. अन्न सतत सारखेच थेंब थेंब दिले, तरी ऑक्सिजनची रेघ सरळ जाईना. ती वर-खाली होई, तीही ठेक्यात. १९९२ साली जपानी प्रयोगशाळेतून सुमारे चाळीस मिनिटांचा ठेका प्रसिद्ध झाला. २००५ मध्ये डॅलसच्या बेंजामिन टू आणि सहकाऱ्यांनी चार-पाच तासांचा ठेका तपासला. भांड्यातल्या पेशी एकदम जोरात श्वास घेत, मग एकदम मंदावत. त्यांची निम्म्याहून अधिक जनुकेही त्याच तालावर चालू-बंद होत. हा निबंध नोव्हेंबरात आला. क्लार्क सप्टेंबरातच गेले होते.

डीएनएची नक्कल मात्र पेशी श्वास मंद असतानाच करत. २००७ साली याच गटाने दाखवले की ही वेळ चुकवणाऱ्या, म्हणजे जोरात श्वास चालू असताना नक्कल करणाऱ्या पेशींच्या डीएनएत चुका वाढतात.